मॅन पान उघडते, पण शोधात सापडत नाही: मॅनडीबीच्या इंडेक्सविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेत अंतर्गत वापरासाठी लिहिलेल्या कमांड्सची मॅन पाने, म्हणजे टर्मिनलवर वाचायची मदतीची पाने, डेबियन लिनक्सच्या सर्व्हरांवर ‘/ऑप्ट’खालच्या स्वतंत्र डिरेक्टरीत आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने पाठवली जातात. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचे नाव दिले की पान उघडते. पण पानांच्या वर्णनांत शब्द शोधणाऱ्या ‘मॅन -के’ किंवा अ‍ॅप्रोपोने विषयाचा शब्द शोधला, तर ‘नथिंग अप्रोप्रिएट’ एवढेच उत्तर मिळते. शोधासाठीची सूची, म्हणजे इंडेक्स, बनवणारी मॅनडीबी चालवून पाहिली, तिने कोणतीही चूक दाखवली नाही, मात्र शेवटी शून्य पाने वाढल्याचे सांगितले. त्यामुळे इंडेक्स पहिल्यापासून बांधणारी ‘मॅनडीबी -सी’ रोज रात्री क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या व्यवस्थेत, लावावी का, अशी विचारणा आहे. उत्तरात कमांड्सची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यायची.

क्रॉनचे उत्तर आधी देतो: लावू नका. रोजच्या पुनर्बांधणीने पुढे सांगितलेल्या दोनपैकी एक दोष झाकला जाईल, दुसरा तसाच राहील, आणि पाने शोधात न येण्याचे सर्वांत मोठे कारण, म्हणजे पानांतली सदोष नाव-ओळ (पानाच्या सुरुवातीची, नाव आणि एका ओळीचे वर्णन देणारी), तिला तर हातही लागणार नाही.

‘मॅन’ आणि ‘अ‍ॅप्रोपो’ या कमांड्स एकाच मॅन-डीबी संचातल्या असल्या, तरी त्यांच्या कामाची रीत वेगळी आहे, आणि हा सगळा गोंधळ त्या फरकातून जन्मतो. ‘मॅन’ला नेमके नाव दिलेले असते, इंडेक्समध्ये नोंद नसली तरी ती पानांच्या डिरेक्टरीत जाऊन त्या नावाची फाइल आहे का, हे स्वतः पाहू शकते. अ‍ॅप्रोपोला ही सोय नाही. तिला फक्त इंडेक्स दिसतो, आणि इंडेक्समध्ये पानाचा मजकूर नसतो. प्रत्येक पानाचे नाव, विभाग क्रमांक, फाइलची वेळ, पानाच्या सुरुवातीचे एका ओळीचे वर्णन आणि अशीच थोडी जुजबी माहिती असते. डेबियनवर हा इंडेक्स ‘/व्हार/कॅश/मॅन’ या डिरेक्टरीत ‘इंडेक्स.डीबी’ नावाने राहतो, आणि भाषांतरित पानांच्या प्रत्येक डिरेक्टरीसाठी तसाच एकेक वेगळा असतो. म्हणून पान उघडते यावरून ते इंडेक्समध्ये आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पान उघडण्याचा आणि पान सापडण्याचा तपास वेगवेगळाच करावा लागतो.

आता पहिला दोष. पान कोणत्या डिरेक्टऱ्यांत शोधायचे याची यादी ‘मॅन’ कशी बनवते, हे ‘मॅनपाथ’ ही कमांड चालवली की दिसते. ‘पाथ’मध्ये, म्हणजे कमांड्स जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, ‘/ऑप्ट/साधने/बिन’ असेल, तर तिच्या शेजारची ‘/ऑप्ट/साधने/शेअर/मॅन’ ही डिरेक्टरी न सांगताच यादीत येते. ही सोय चांगली आहे, पण मॅनडीबी ती पाळत नाही. कोणताही मार्ग न देता चालवलेली मॅनडीबी आपली यादी कॉन्फिगरेशन फाइलमधल्या ‘मॅनडीबी_मॅप’ या ओळींवरून घेते. ही फाइल डेबियनवर ‘/ईटीसी/मॅनपाथ.कॉन्फिग’ असते, तर इतर अनेक वितरणांत ‘/ईटीसी/मॅन_डीबी.कॉन्फ’. त्या ओळींत आपली ‘/ऑप्ट’खालची डिरेक्टरी नसेल, तर मॅनडीबी तिच्याकडे वळूनही पाहत नाही, आणि वगळल्याचे सांगतही नाही, कारण तिच्या दृष्टीने काही वगळलेच गेलेले नसते. आपल्याकडच्या शून्य पानांचे पहिले कारण बहुधा हेच आहे, आणि ते खरे असेल तर रोजची ‘-सी’ वर्षभर चालली तरी फरक पडणार नाही.

उपाय एका ओळीचा आहे. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘मॅनडीबी_मॅप’ लिहून पुढे दोन मार्ग द्यायचे: पहिला पानांच्या डिरेक्टरीचा, म्हणजे ‘/ऑप्ट/साधने/शेअर/मॅन’, आणि दुसरा इंडेक्स जिथे ठेवायचा त्या जागेचा, उदाहरणार्थ ‘/व्हार/कॅश/मॅन/साधने’. डेबियन स्वतः ‘/यूएसआर/लोकल/शेअर/मॅन’साठी ‘/व्हार/कॅश/मॅन/लोकल’ याच पद्धतीने वापरते, त्यामुळे ही ओळ फाइलमधल्या शेजारच्या ओळींसारखीच दिसेल. फाइलला हात लावण्याआधी निदान पक्के करायचे असेल, तर ‘मॅनडीबी’पुढे थेट तो मार्ग लिहून ती एकदा चालवावी. मार्ग दिला की कॉन्फिगरेशनमधली यादी बाजूला राहते. आता पाने वाढली, तर दोष मॅपचाच होता.

काही जण यावर तोडगा म्हणून ‘मॅनपाथ’ हे पर्यावरण चल सर्वांच्या प्रोफाइलमध्ये भरतात. मला ते पटत नाही. या चलात नुसता आपला मार्ग लिहिला, तर कॉन्फिगरेशन फाइल पूर्ण दुर्लक्षित होते आणि ‘एलएस’चेही पान उघडेनासे होते. मूल्याच्या सुरुवातीला अपूर्णविराम दिला तर आपला मार्ग सिस्टीमच्या यादीमागे जोडला जातो, शेवटी दिला तर पुढे. हा नियम ज्यांना ठाऊक नसतो, त्यांच्याच प्रोफाइलमध्ये हे चल सहसा सापडते. शिवाय सिस्टीमसाठी चाललेल्या मॅनडीबीला त्याचा उपयोग नाहीच. कोणाला फक्त आपल्या होम डिरेक्टरीतली, म्हणजे ‘.लोकल/शेअर/मॅन’मधली पाने शोधात आणायची असतील, तर त्या व्यक्तीने ‘मॅनडीबी --यूजर-डीबी’ चालवावी. रूटचा अधिकार लागत नाही आणि तिचा इंडेक्स त्याच डिरेक्टरीत तयार होतो.

दुसरा दोष अधिक गमतीचा आहे, कारण तो कधी दिसतो आणि कधी नाही. मॅनडीबी दरवेळी सगळी पाने वाचत नाही. ‘मॅन1’, ‘मॅन5’, ‘मॅन8’ यांसारख्या प्रत्येक उपडिरेक्टरीची शेवटच्या बदलाची वेळ ती पाहते, इंडेक्सच्या वेळेशी ताडते, आणि डिरेक्टरी त्यानंतर बदललेली नसेल तर तिला सोडून पुढे जाते. हजारो पानांच्या सिस्टीमवर ही काटकसर योग्यच आहे. पण आरसिंकचा नेहमीचा ‘-ए’ पर्याय फाइलींबरोबर डिरेक्टऱ्यांच्याही मूळ वेळा जशाच्या तशा पोहोचवतो, आणि तिथे हे गणित चुकते.

समजा, बांधणीच्या मशीनवर नवे पान सोमवारी तयार झाले. तिथल्या ‘मॅन1’ची वेळ सोमवारची झाली. सर्व्हरवर मंगळवारी रात्री इंडेक्स अद्ययावत झाला. बुधवारी आपण आरसिंक चालवली. पान पोहोचले, पण सर्व्हरवरच्या ‘मॅन1’ला वेळ मिळाली ती सोमवारची. बुधवारी रात्री मॅनडीबी येते, डिरेक्टरी सोमवारची आणि इंडेक्स मंगळवारचा पाहते, आणि नवीन काही नाही असे समजून निघून जाते. हेच पान सोमवारीच पाठवले असते, तर ते सापडले असते. त्यामुळे एकाच पद्धतीने पाठवलेली काही पाने शोधात येतात, काही येत नाहीत, आणि लोक इंडेक्स खराब झाल्याचे ठरवून मोकळे होतात. इंडेक्समध्ये काहीही बिघडलेले नसते. ‘स्टॅट’ कमांडने त्या डिरेक्टरीची आणि ‘इंडेक्स.डीबी’ची वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली की उलगडा होतो.

यासाठी आरसिंकला ‘-ओ’ पर्याय द्यावा, मोठ्या लिपीतला. त्याचे पूर्ण रूप ‘--ओमिट-डिर-टाइम्स’. मग फाइलींच्या वेळा टिकतात, पण डिरेक्टरीला पान प्रत्यक्ष येऊन पडल्याची वेळ मिळते. आरसिंकची कमांड बदलणे हाती नसेल, तर पाठवणीनंतर त्या उपडिरेक्टऱ्यांवर ‘टच’ चालवले तरी पुरते. याचीच दुसरी बाजू अशी की, सर्व्हरवर बसून एखाद्या पानाची फाइल जागच्या जागी संपादित केली, तर डिरेक्टरीची वेळ बदलेलच असे नाही, आणि बदललेले वर्णन इंडेक्समध्ये पोहोचत नाही. एकट्या पानासाठी ‘-एफ’ पर्याय आहे खरा, पण तो अंतर्गत वापरासाठी असल्याचे मॅनडीबीचे स्वतःचे पान सांगते. मी तो स्क्रिप्टमध्ये घालत नाही.

मग ‘-सी’ कशासाठी आहे? ती जुना इंडेक्स टाकून देऊन पहिल्यापासून नवा बांधते. इंडेक्सची फाइल खरोखरच खराब झाली असेल, डिस्क भरल्यामुळे अर्धवट लिहिली गेली असेल, किंवा साठवणीची पद्धत बदलली असेल, तेव्हा ती वापरावी. प्रत्येक पान उघडायचे, डीकॉम्प्रेस करायचे आणि त्यातली नाव-ओळ शोधायची, एवढे काम तिच्यामागे असते. पॅकेज बसवताना ‘प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी’ या ओळीवर संथ डिस्कचे मशीन किती वेळ रेंगाळते, हे आपण पाहिले असेलच, आणि ते तर नुसते अद्ययावत करण्याचे काम असते. डेबियनवर पॅकेजमधून आलेल्या पानांची नोंद डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा हा ट्रिगर घेतो, आणि त्याशिवाय सिस्टमडीचा ‘मॅन-डीबी.टायमर’ रोज एकदा मॅनडीबी चालवतो. मॅपची ओळ आणि डिरेक्टरीची वेळ या दोन गोष्टी नीट असतील, तर आपली पानेही त्याच फेरीत येतील. वेगळ्या क्रॉनची गरज राहत नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ही पाने डेब पॅकेजमध्ये घालून ‘/यूएसआर/शेअर/मॅन’मध्ये बसवणे. तसे केले तर वरच्या दोन्ही दोषांचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि जुनी पाने काढून टाकण्याची जबाबदारीही पॅकेज व्यवस्थेकडे जाते.

आता नाव-ओळीकडे येतो, कारण मार्ग आणि वेळा दुरुस्त केल्यावरही आपली काही पाने शोधात येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. अंतर्गत पाने लिहिणारे लोक पर्यायांची वर्णने मन लावून लिहितात आणि ‘नेम’ हा विभाग उरकून टाकतात. इंडेक्सला मात्र त्या विभागापलीकडे काहीच दिसत नाही. त्याचे रूप ठरलेले आहे: विभागाचे शीर्षक, त्याखाली कमांडचे नाव किंवा स्वल्पविरामांनी जोडलेली अनेक नावे, मग मोकळी जागा, मग उलटी तिरपी रेघ आणि तिला लागून आडवी रेघ, पुन्हा मोकळी जागा, आणि मग वर्णन. उलटी तिरपी रेघ विसरणे, आडव्या रेघेऐवजी वर्ड प्रोसेसरमधून आलेली लांब रेघ ठेवणे, नाव ठळक दिसावे म्हणून मध्येच मॅक्रो, म्हणजे मांडणीची आज्ञा, घालणे, शीर्षकच बदलून ‘ओव्हरव्ह्यू’ करणे, असे प्रकार मी सतत पाहतो. अशा पानाची ओळ वाचता आली नाही, तर मॅनडीबी ‘व्हॉटइज पार्स फेल्ड’ असा इशारा देते. पण टायमरमधून ती ‘--क्वाएट’ने चालते, आणि क्रॉन लावणारेही पहिल्याच दिवशी तो पर्याय जोडतात, म्हणून इशारा कोणाच्या नजरेस पडत नाही.

ही ओळ तपासायची कमांड म्हणजे ‘लेक्सग्रॉग’. मॅन-डीबी संचाबरोबर ती येते, तरी ती फारशी कोणी वापरत नाही. तिला पानाची फाइल दिली की मॅनडीबीला त्या पानातून जे वाचता येईल तेच ती छापते. ‘एलएस’च्या पानासाठी ती ‘एलएस’ हे नाव आणि डिरेक्टरीतल्या गोष्टींची यादी करते अशा अर्थाचे वर्णन दाखवते. सदोष पानासाठी ‘पार्स फेल्ड’ म्हणते आणि 2 हा निर्गमन संकेत देते. त्या संकेतामुळे ती बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये बसवणे सोपे जाते: सगळ्या पानांवर ‘लेक्सग्रॉग’ चालवा, आणि संकेत शून्य नसेल तर बांधणी थांबवा. जोडीला ‘मॅनडीबी --टेस्ट’ आहे. ती इंडेक्सला हात न लावता पाने तपासते, तुटलेल्या सिमलिंक आणि ‘.एसओ’ या दुसऱ्या फाइलकडे पाठवणाऱ्या ओळीने भलतीकडे बोट दाखवणारी पानेही सांगते. सर्व्हरवर चूक शोधण्यापेक्षा बांधणीतच ती अडवलेली बरी.

ओळ व्याकरणात बसली तरी कामाची असेलच असे नाही. ‘बॅकअप-तपासणी’ नावाच्या कमांडचे वर्णन ‘बॅकअप तपासणीची मुख्य स्क्रिप्ट’ असे असेल, तर नावापलीकडे शोधायला उपयोगी पडेल असा एकही शब्द त्यात नाही. रात्री अडचणीत सापडलेला सहकारी कदाचित ‘रिस्टोअर’, ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘चेकसम’ शोधत असेल. ‘रात्रीच्या स्नॅपशॉटचे चेकसम पडताळून ते रिस्टोअर होण्याजोगे आहेत का ते सांगते’ असे वर्णन इंग्रजीत लिहिले असते, तर तीनपैकी कोणत्याही शब्दाला ते पान समोर आले असते. आतल्या परिच्छेदांत हे शब्द कितीही वेळा आले, तरी अ‍ॅप्रोपोला त्यांचा पत्ता नसतो. पूर्ण मजकुरात शोधायला ‘मॅन -के’ आहे, इथे के मोठ्या लिपीतला. पण ती इंडेक्स न वापरता एकेक पान उघडून वाचते, त्यामुळे वेळ लागतो. मी ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो. इंडेक्स एका ओळीवर उभा राहण्याची रीत जुनी आहे: युनिक्सच्या 1979 सालच्या सातव्या आवृत्तीच्या छापील मॅन्युअलमध्ये शब्दानुसार फिरवलेली सूची होती, आणि तीही प्रत्येक पानाच्या या एका ओळीतूनच तयार होई.

शोध घेतानाही दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. अ‍ॅप्रोपोला अनेक शब्द दिले तर त्यांपैकी कोणताही एक जुळलेली पाने येतात. सगळे शब्द जुळायला हवे असतील तर ‘-ए’ द्यावा, आणि ठरावीक विभागापुरता शोध हवा असेल तर ‘-एस’ देऊन विभाग क्रमांक लिहावा. दिलेला शब्द मुळात रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचला जातो. म्हणून नुसता टिंब दिला की संपूर्ण इंडेक्स समोर येतो, आणि पाठवणीआधी व नंतर त्याच्या ओळी मोजल्या की पाने वाढली की नाही ते कळते. काहीही न सापडल्यास निर्गमन संकेत 16 येतो, त्यामुळे पाठवणीच्या स्क्रिप्टच्या शेवटी नव्या पानाच्या नावाने ‘व्हॉटइज’ किंवा अ‍ॅप्रोपो चालवून खात्री करता येते. इंडेक्समध्ये नेमके काय साठले आहे, अशी शंका राहिलीच तर ‘अ‍ॅक्सेसडीबी’ ही कमांड त्या फाइलमधल्या सगळ्या नोंदी वाचण्याजोग्या रूपात ओतते. ‘ग्रेप’ने आपले नाव गाळून घ्यावे.

कंटेनरमध्ये हे सगळे करायला गेलात, तर आधी पाने तिथे आहेत का ते पाहा. डेबियनच्या ‘स्लिम’ प्रतिमांत डीपीकेजीला ‘/यूएसआर/शेअर/मॅन’खालच्या फाइली बसवूच नकोस, असे ‘पाथ-एक्सक्लूड’ने सांगितलेले असते, उबुंटूच्या लहान प्रतिमांतही तशीच व्यवस्था असते आणि ती मागे घ्यायला ‘अनमिनिमाइझ’ नावाची कमांड आहे, फेडोरा घराण्यात तेच काम ‘नोडॉक्स’ हे चिन्ह करते. अशा ठिकाणी मॅनडीबी शून्य सांगते ते खरेच असते. उलट, चाचण्यांसाठी रोज नव्याने उभ्या राहणाऱ्या मशीनवर कोणी मॅन पाने वाचत नाही. तिथे ‘मॅन-डीबी/ऑटो-अपडेट’ या डेबकॉन्फच्या (पॅकेज बसवताना विचारल्या जाणाऱ्या) प्रश्नाचे उत्तर नकारार्थी ठेवून ट्रिगर बंद करावा. पॅकेज बसवण्याचा वेळ वाचतो.

आपल्या ताफ्यात अल्पाइन किंवा व्हॉइड लिनक्सची मशीन असतील, तर तिथली व्यवस्था वेगळी आहे. ही वितरणे मॅनडॉक हा संच वापरतात, जो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवरही वापरला जातो. तिथे इंडेक्स बांधणारी कमांड ‘मेकव्हॉटइज’, आणि फाइलचे नाव ‘मॅनडॉक.डीबी’. ही कमांड आणि अ‍ॅप्रोपो या दोन्ही पहिल्यांदा दुसऱ्या बीएसडी आवृत्तीत आल्या, आणि ओपनबीएसडी 5.6 साठी त्या नव्याने लिहिल्या गेल्या. मॅनडॉकची अ‍ॅप्रोपो एका ओळीवर थांबत नाही. पान एमडॉक या मॅन पाने लिहिण्याच्या मॅक्रोंत लिहिलेले असेल, तर त्यातले पर्याय, पर्यावरण चले, फंक्शनची नावे, इतर पानांचे संदर्भ हे सगळे वेगवेगळ्या खुणांनी इंडेक्समध्ये जाते, आणि विशिष्ट चलाचा उल्लेख करणारी पाने दाखव, असे विचारता येते. एमडॉकमध्ये नावासाठी ‘.एनएम’ आणि वर्णनासाठी ‘.एनडी’ असे स्वतंत्र मॅक्रो असल्यामुळे आडव्या रेघेची चूक होण्याला जागाच उरत नाही, आणि मॅन-डीबीलाही ती पाने व्यवस्थित वाचता येतात. म्हणून नवी पाने एमडॉकमध्ये लिहावीत असे माझे मत आहे. जुनी मात्र केवळ यासाठी बदलत बसू नयेत, त्यांची नाव-ओळ ‘लेक्सग्रॉग’मधून उत्तीर्ण झाली की पुरे. एवढेच, की अल्पाइनवर मॅनडॉक बसवले तरी अ‍ॅप्रोपोचा भाग ‘मॅनडॉक-अ‍ॅप्रोपो’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतो; तो नसेल तर शोध चालत नाही, आणि त्यात पानांचा काही दोष नसतो.